रुग्णाच्या शब्दाचा इतिहास : हृदयविकार, उपचार आणि बीडचा माणूस



या व्याख्यानमालेत आपण राजेरजवाड्यांचा इतिहास ऐकला, संतांचा ऐकला, मुक्तिसंग्रामाचा ऐकला. आज आम्ही एका छोट्या वाक्याचा इतिहास सांगणार आहोत. ते वाक्य म्हणजे ‘बरं हाय’.

बीड जिल्ह्यात कुठेही जा. गेवराईला जा, धारूरला जा, आष्टी-पाटोद्याकडे जा. कोणालाही ‘तब्येत कशी आहे?’ विचारलं की उत्तर येतं, ‘बरं हाय.’ अँजिओप्लास्टी होऊन आठ दिवस झालेला माणूसही तेच म्हणतो, बायपास होऊन आठ वर्षं झालेलाही तेच म्हणतो, आणि ज्याला काहीच झालेलं नाही तोही तेच म्हणतो. मग प्रश्न असा, की या ‘बरं हाय’ला पुरावा मानायचं की नाही? उपचारानंतर हृदयरुग्णाचं जगणं सुधारलं का, हे कोणी ठरवायचं? यंत्राने, डॉक्टरने, की ज्याच्या छातीत ते हृदय आहे त्याने?

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, वैद्यक नाही. पण हा प्रश्न मुळात तत्त्वज्ञानाचाच आहे. आपल्या परंपरेत ‘स्वसंवेद्य’ असा एक शब्द आहे. जे ज्याचं त्यालाच कळतं, ते स्वसंवेद्य. आंबेजोगाईच्या डोंगरात मुकुंदराजांची समाधी दाखवतात. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११० चा, म्हणजे इ.स. ११८८ चा मानला जातो. अनुभव दुसऱ्याच्या सांगण्याने मिळत नाही, तो स्वतःच घ्यावा लागतो, हा विचार मराठीत तेव्हापासून चालत आला आहे. मुकुंदराजांचा विषय ब्रह्मानुभव होता, आमचा आजचा विषय छातीतली कळ. पण अडचण एकच आहे. कळ ज्याला येते त्यालाच कळते. बाकीच्यांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की ठेवायचा नाही, एवढंच उरतं. वैद्यकाने हा विश्वास कधी ठेवला, कधी काढून घेतला आणि पुन्हा का ठेवू लागलं, तो हा इतिहास.

सुरुवात आपल्याकडूनच करू. चरकसंहितेत आयुर्वेदाची व्याख्या करताना आयुष्याचे चार प्रकार सांगितले आहेत : हितकर, अहितकर, सुखी आणि दुःखी. आयुष्याचं मोजमाप त्यानंतर येतं. म्हणजे माणूस किती जगला आणि कसा जगला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ही जाण तिथे आहे. त्याच ग्रंथात हृद्रोगाचे पाच प्रकारही दिले आहेत. सुश्रुतसंहितेत स्वस्थ माणसाचं लक्षण सांगताना दोष, अग्नी आणि धातू यांच्या समतोलाबरोबर आत्मा, इंद्रिये आणि मन यांची प्रसन्नताही घातली आहे. आता प्रसन्नता नाडीवर बोट ठेवून कशी कळणार? ती विचारावीच लागते.

पश्चिमेकडेही गोष्ट रुग्णाच्या सांगण्यापासूनच सुरू झाली. १७६८ साली लंडनच्या विल्यम हेबर्डन या वैद्याने तिथल्या वैद्यांच्या महाविद्यालयात एक निबंध वाचला. चालताना, विशेषतः चढ चढताना आणि जेवणानंतर, छातीत आवळल्यासारखं होतं, जणू जीव जाईल असं वाटतं, आणि थांबलं की ते जातं. या दुखण्याला त्याने ‘अँजायना पेक्टोरिस’ हे नाव दिलं. आजही डॉक्टर ‘अँजायना’ म्हणतात ते हेच. आता लक्षात घ्या, हेबर्डनजवळ स्टेथोस्कोप नव्हता, ईसीजी नव्हता, काहीही नव्हतं. त्याच्याजवळ फक्त रुग्णांचं बोलणं होतं. एका रोग्याबद्दल त्याने लिहून ठेवलं आहे, की तो रोज अर्धा तास लाकडं करवतीने कापत असे आणि त्याचं दुखणं जवळजवळ गेलं. हा निष्कर्षही रुग्णाच्या सांगण्यावरूनच आला. हृदयरोगातल्या सर्वांत टिकाऊ वर्णनांपैकी एक वर्णन असं निव्वळ ऐकून झालेलं आहे.

पुढे यंत्रं आली. १८१६ साली लेनेकने स्टेथोस्कोप शोधला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आइंथोवेनने हृदयाच्या विजेचा आलेख काढला, त्याला १९२४ साली नोबेल मिळालं. १९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला मेसन सोन्स यांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं थेट चित्र घेतलं. हीच आपली कोरोनरी अँजिओग्राफी. ही सगळी मोठी कामं आहेत, यांनी लाखो जीव वाचवले. पण याबरोबर एक बदल झाला. पूर्वी डॉक्टर विचारायचा, ‘काय होतंय?’ आता तो पडद्यावर बघून सांगू लागला, ‘नव्वद टक्के ब्लॉकेज आहे.’ रुग्णाचा शब्द मागे पडला. रुग्णही तसंच बोलायला शिकला. आज बीडच्या बसस्टँडवर दोन माणसं बोलत असली तर एक म्हणतो, ‘मला दोन ब्लॉक होते,’ दुसरा म्हणतो, ‘मला तीन.’ दम किती लागत होता, हे कोणी सांगत नाही!

अर्थात मधल्या काळात रुग्णाच्या जगण्याची नोंद घ्यायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. १९२८ साली न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनने हृदयरुग्णांच्या चार श्रेणी ठरवल्या. नेहमीच्या कामाने काहीच त्रास होत नसेल तर पहिली, बसल्याजागीही दम लागत असेल तर चौथी. ही वर्गवारी आजही प्रत्येक दवाखान्यात वापरतात. १९४० च्या दशकाच्या शेवटी कर्नोफ्स्की आणि बर्चेनाल यांनी कर्करोगाच्या रुग्णांसाठी शंभरापासून शून्यापर्यंतची मोजपट्टी काढली. त्याच सुमारास, १९४८ साली, जागतिक आरोग्य संघटनेची घटना अमलात आली. तिने म्हटलं, आरोग्य म्हणजे केवळ रोग नसणं नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य. सुश्रुताच्या प्रसन्नतेच्या जवळ आपण पुन्हा आलो. पण या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. श्रेणी कोण देणार? डॉक्टर. गुण कोण देणार? डॉक्टर. पेपर रुग्णाचा आणि तपासणारा दुसराच.

असं का? रुग्णाच्या शब्दावर अविश्वास का? तर त्याला कारण होतं, आणि ते कारण मोठं गमतीचं आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत अँजायनावर एक शस्त्रक्रिया लोकप्रिय झाली. छातीच्या आतल्या बाजूने जाणारी एक धमनी बांधून टाकायची, म्हणजे रक्त हृदयाकडे वळेल, अशी कल्पना. रुग्ण खूश होते. ‘कळ गेली, गोळ्या कमी झाल्या, चालता येतं,’ असं सांगत होते. १९५९ साली सिअ‍ॅटलच्या लिओनार्ड कॉब आणि सहकाऱ्यांनी फक्त सतरा रुग्णांवर एक प्रयोग केला. काहींची धमनी बांधली, काहींच्या फक्त त्वचेला छेद देऊन टाके घातले. कोणाचं काय झालं, हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. काय झालं असेल? दोन्ही गटांतल्या रुग्णांना सारखंच बरं वाटलं! पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका पथकालाही तेच आढळलं आणि ती शस्त्रक्रिया बंद पडली.

यावरून पुष्कळांनी निष्कर्ष काढला, की रुग्णाचं बोलणं भरवशाचं नाही. आम्हाला वाटतं, हा निष्कर्ष चुकीच्या जागी काढला गेला. रुग्ण खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखर बरं वाटत होतं. चूक होती ती ‘का बरं वाटतं’ याच्या उत्तरात. कळ कमी झाली, हे रुग्ण सांगू शकतो. ती कशामुळे कमी झाली, हे तो एकटा सांगू शकत नाही. तर्कशास्त्रात अनुभव आणि कारण हे दोन वेगळे विषय आहेत. पहिल्याचा साक्षीदार रुग्ण, दुसऱ्यासाठी तुलना लागते. हा भेद हातात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता काळ झपाट्याने पुढे गेला. १९६७ साली क्लीव्हलँडला रेने फावालोरो यांनी पायाची शीर काढून हृदयावर जोडायची बायपास पद्धत रूढ केली. १९७५ साली मद्रासच्या पेरांबूर रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी भारतातली पहिली बायपास केली. १९७७ च्या सप्टेंबरात झुरिचला आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याने धमनी रुंद केली, ती पहिली अँजिओप्लास्टी. आता उपचार महाग होते, मोठे होते, आणि त्यांतले सगळेच आयुष्य वाढवणारे नव्हते. काही फक्त त्रास कमी करण्यासाठी होते. मग त्रास कमी झाला का, हे त्रास सोसणाऱ्यालाच विचारायला हवं, हे उशिरा का होईना लक्षात आलं.

म्हणून प्रश्नावल्या जन्मल्या. १९८० च्या दशकात मिनेसोटामध्ये हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांसाठी एकवीस प्रश्नांची यादी तयार झाली. १९९५ साली जॉन स्पर्टस यांनी अँजायनाच्या रुग्णांसाठी एकोणीस प्रश्नांची ‘सिअ‍ॅटल अँजायना प्रश्नावली’ प्रसिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९१ पासून अनेक देशांतली केंद्रं जोडून जीवनमानाची प्रश्नावली तयार केली. त्या केंद्रांत आपलं दिल्लीही होतं आणि मद्रासही. तिची छोटी आवृत्ती सव्वीस प्रश्नांची आहे आणि तिचा पहिलाच प्रश्न, सरळ भाषेत सांगायचं तर, ‘तुम्ही तुमच्या जगण्याला किती गुण द्याल?’ असा आहे. पेपर तपासायचं काम शेवटी रुग्णाकडे आलं!

मग या प्रश्नावल्यांनी काय सांगितलं? तेही थोडक्यात ऐका. पण आधी एक इशारा, नाहीतर गैरसमज होईल. हार्ट अटॅक आला, छातीत दुखणं थांबत नाही, घाम फुटला, तर तिथे अँजिओप्लास्टी जीव वाचवते. त्यात वाद नाही, तिथे एक मिनिटही घालवू नये. आम्ही बोलतो आहोत ते स्थिर अँजायनाबद्दल, म्हणजे चालताना कळ येते आणि थांबलं की जाते, त्याबद्दल.

२००७ साली ‘करेज’ नावाचा अभ्यास आला, २,२८७ रुग्णांचा. निम्म्यांना औषधं आणि स्टेंट, निम्म्यांना फक्त नीट औषधं. पुढच्या वर्षी त्यांच्या जीवनमानाचे आकडे आले. दोन्ही गटांना पूर्वीपेक्षा बरं वाटत होतं. स्टेंटवाले सुरुवातीला थोडे पुढे होते, पण तीन वर्षांनी तो फरक उरला नव्हता. २०२० साली ‘इस्केमिया’ अभ्यास आला, ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण, त्यांत भारतातलेही. त्यात दिसलं, की ज्यांना उपचाराआधी वारंवार कळ येत होती त्यांचं जगणं स्टेंट किंवा बायपासने स्पष्ट सुधारलं. पण सुमारे एक तृतीयांश रुग्णांना आधीच्या महिन्यात कळच आलेली नव्हती, त्यांच्या जगण्यात फारसा फरक पडला नाही. साधी गोष्ट आहे. जिथे दुखतच नव्हतं तिथे दुखणं थांबणार कसं?

आणि कॉबचा जुना प्रयोगही पुन्हा झाला. २०१७ साली लंडनला ‘ऑर्बिटा’ अभ्यासात दोनशे रुग्णांपैकी काहींना खरी अँजिओप्लास्टी आणि काहींना नुसतं तिचं सोंग, अशी विभागणी केली. औषधं सगळ्यांनाच उत्तम चालू होती. सहा आठवड्यांनी चालण्याच्या चाचणीत दोघांत लक्षात घेण्याजोगा फरक दिसला नाही. मोठा गदारोळ झाला. मग त्याच मंडळींनी २०२३ साली दुसरा अभ्यास केला, या वेळी अँजायनाची औषधं थांबवून. तिथे खऱ्या अँजिओप्लास्टीने कळ नक्की कमी झाली, पण तरीही पुष्कळांची ती पूर्ण गेली नाही. म्हणजे उपचार खोटाही नाही आणि चमत्कारही नाही. हा निवाडा रुग्णांच्या शब्दांशिवाय झालाच नसता. रुग्णाचा शब्द आणि तुलना, दोन्ही एकत्र आल्यावरच तो झाला.

आणखी एक गोष्ट सांगतो, मग बीडला येऊ. १९८२ साली कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या वृद्धांचा एक अभ्यास आला. त्यांना फक्त एवढंच विचारलं होतं, ‘तुमच्या वयाच्या मानाने तुमची तब्येत कशी?’ ज्यांनी ‘वाईट’ म्हटलं त्यांचा पुढच्या काही वर्षांत मृत्यू होण्याचा धोका ‘उत्तम’ म्हणणाऱ्यांपेक्षा जवळपास तिप्पट निघाला, आणि तोही त्यांचे आजार, वय वगैरे हिशेबात धरूनही. पुढे अनेक देशांत हेच दिसलं. माणसाला स्वतःबद्दल जे कळतं ते कधीकधी त्याच्या फाइलमध्ये नसतं.

आता आपला जिल्हा. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालय आलं तेच १९५६ साली, औरंगाबादला. मग १९७४ साली आंबेजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. ग्रामीण भागातलं आशियातलं पहिलं, असा त्याचा लौकिक सांगतात. स्वामी रामानंद तीर्थांचं नाव त्याला दिलं आहे, आणि ते शोभतंही, कारण स्वामीजी आंबेजोगाईतच शिक्षक म्हणून राहिले होते. जिल्ह्याच्या शिवेला लागून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. त्यांनी गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका बनवलं. त्या प्रयोगाचं एक मोठं रहस्य असं, की त्या बाया आधी ऐकत होत्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो काही यंत्रांसाठी नव्हे.

हृदयाच्या मोठ्या उपचारांना मात्र बीडचा माणूस बाहेरच जात राहिला. लातूर, सोलापूर, औरंगाबाद, पुणे. १९९७ साली राज्यात गरिबांसाठी जीवनदायी योजना आली. २०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत बीड नव्हता. २०१३ च्या नोव्हेंबरात ती सगळ्या राज्यात आली, तेव्हा बीडलाही मिळाली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचा उपचार मिळत असे. २०१७ साली तिला महात्मा जोतिबा फुल्यांचं नाव दिलं. शेतकरी आत्महत्यांमुळे निवडलेल्या चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही तिचा लाभ दिला गेला, त्यांत बीड आहे. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका धावू लागली. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषधाचा लेप असलेला स्टेंट, जो लाखाच्या वर जायचा, तो २९,६०० रुपयांवर आला.

हे सगळं चांगलं झालं, आणि ज्यांनी केलं त्यांना श्रेय द्यायलाच हवं. ज्या घराने पूर्वी जमीन विकून बायपास केली असती त्या घराची जमीन वाचली. पण आम्ही इतिहासाचा प्रश्न विचारतो : या सगळ्यात काय मोजलं गेलं? किती शस्त्रक्रिया झाल्या, किती दावे मंजूर झाले, किती कोटी खर्च झाले. रुग्णालयातून घरी गेलेला माणूस सहा महिन्यांनी कसा जगतो आहे, हा रकाना त्या हिशेबात ठळकपणे कुठे दिसतो? न्यूयॉर्कने १९२८ साली निदान डॉक्टरला विचारलं होतं. आपण आज फक्त बिलाला विचारतो.

बरं, समजा उद्या विचारायचं ठरवलं. काय विचारणार? सिअ‍ॅटलच्या प्रश्नावलीत रुग्णाला विचारतात : कपडे घालताना कळ येते का, अंघोळ करताना येते का, जिना चढताना येते का. इथवर ठीक. पुढे विचारतात : बागकाम करताना, घर झाडायचं यंत्र फिरवताना, पोहताना, टेनिस खेळताना. आता हे केज तालुक्यातल्या ऊसतोड कामगाराला विचारा. तो तुमच्याकडे बघतच राहील.

त्याला काय विचारायला हवं? फडात उसाची मोळी बांधून डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढता येतं का, हे विचारा. पहाटेच्या थंडीत कोयता चालवताना छाती आवळते का, हे विचारा. आणि या कामात नवराबायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात, हे ध्यानात घ्या. दोघांतला एक पडला की कोयता मोडतो. मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र तशीच राहते. डॉक्टर अगदी योग्य सांगतात, ‘जड उचलू नका, गोळ्या बंद करू नका.’ धमनी उघडली, ईसीजी सुधारला, कागदावर उपचार शंभर टक्के यशस्वी. आणि घरी बसलेला हा माणूस आपल्या जगण्याला किती गुण देईल? त्याचं दुखणं छातीतून निघून उचलीत जाऊन बसलं. हा आजार आता कोणत्या विभागात दाखवायचा?

काळाचंही असंच. प्रश्नावली विचारते, ‘गेल्या चार आठवड्यांत किती वेळा कळ आली?’ पोळ्याच्या सुमारास घरी असताना विचारलं तर तो म्हणेल, एकदाही नाही. जानेवारीत सांगलीकडच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडात विचारलं तर उत्तर वेगळं येईल. माणूस तोच, हृदय तेच, स्टेंट तोच. ज्या जिल्ह्याचा मोठा भाग दसरा-दिवाळीनंतर बाहेर पडतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततो, तिथे चार आठवड्यांचा नव्हे, हंगामाचा हिशेब धरायला हवा.

आता सर्वांत अवघड भाग. रुग्णाचा शब्द ऐका, असं आम्ही इतका वेळ सांगत आलो. पण तो शब्द जसाच्या तसा घ्यायचा का? इथे दोन गोष्टी आहेत.

पहिली अशी, की माणूस आजाराशी जुळवून घेतो. १९९९ साली स्प्रँगर्स आणि श्वार्त्झ या दोन संशोधकांनी यावर नीट विचार मांडला. आजारानंतर माणसाची मोजपट्टीच बदलते. पूर्वी त्याला वाटायचं, पंढरीची वारी पायी झाली म्हणजे तब्येत चांगली. आता त्याला वाटतं, गावातल्या मारुतीपर्यंत जाता आलं म्हणजे चांगली. दोन्ही वेळा तो ‘बरं हाय’ म्हणतो. हे खोटं आहे का? नाही. हे शहाणपण आहे, जगण्याची कला आहे. पण त्यावरून उपचार यशस्वी झाला असं म्हणणं घाईचं आहे.

दुसरी गोष्ट अमर्त्य सेन यांनी २००२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात मांडली. केरळमध्ये आयुर्मान सर्वांत जास्त, पण ‘आम्ही आजारी आहोत’ असं सांगणारेही तिथेच जास्त. बिहारमध्ये आयुर्मान कमी आणि आजाराची तक्रारही कमी. मग बिहार जास्त निरोगी का? नाही. ज्याला दवाखाना दिसला, शाळा दिसली, त्यालाच कळतं की ही कळ म्हणजे आजार आहे आणि तो बरा होऊ शकतो. ज्याला हे दिसलंच नाही तो कळीला नशीब समजतो.

हे ऐकताना बीड आठवत नाही का? दुष्काळाची सवय झालेला जिल्हा. ‘चालायचंच’ हा आपला आवडता शब्द. अशा ठिकाणी ‘बरं हाय’ हे उत्तर सरकारच्या अहवालात सोयीचं पडतं. ज्याच्या अपेक्षा कमी, त्याचं समाधान स्वस्त. म्हणून आम्ही म्हणतो, रुग्णाचा शब्द न ऐकणं हा एक अन्याय आणि तो शब्द वापरून हात झटकणं हा दुसरा.

बायकांच्या बाबतीत हे दुप्पट खरं आहे. बायपासनंतर स्त्रिया आपल्या जगण्याला पुरुषांपेक्षा कमी गुण देतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आणि आपल्याकडे पहिली अडचण म्हणजे तिला गुण द्यायला मिळतात का? डॉक्टर विचारतात, ‘आजी, कसं वाटतंय?’ आणि उत्तर मुलगा देतो, ‘आता बरं आहे तिला.’ आजी पदर सावरत मान हलवते. बाईचं दुखणंही पुष्कळदा छातीत नसतं. ते पाठीत असतं, जबड्यात असतं, नुसताच थकवा असतो, मळमळ असते. तिला स्वतःलाच ते कामाचं दुखणं वाटतं. ती सांगत नाही, कारण तिला कधी कोणी विचारलेलंच नसतं.

मनाचंही तसंच. १९९३ साली माँट्रियलच्या एका अभ्यासात दिसलं, की हार्ट अटॅकनंतर ज्यांना नैराश्य आलं त्यांच्या मृत्यूचा धोका पुढच्या सहा महिन्यांत बराच वाढलेला होता. आपल्याकडे नैराश्य हा शब्दच कोणी वापरत नाही. ‘करमत नाही’ म्हणतात, ‘जीव लागत नाही’ म्हणतात, ‘झोप लागंना’ म्हणतात. प्रश्न विचारणाऱ्याला हे शब्द आजाराची लक्षणं म्हणून ओळखता आले पाहिजेत. प्रश्नावलीचं भाषांतर शब्दकोश घेऊन होत नाही ते यामुळे.

मग करायचं काय? आम्ही डॉक्टर नाही, मंत्रीही नाही. पण एवढ्या इतिहासातून काही साध्या गोष्टी निघतात. योजनेतून उपचार झालेल्या प्रत्येक हृदयरुग्णाला तीन महिन्यांनी आणि वर्षाने कोणीतरी घरी जाऊन विचारावं. गावात आशाताई आहेतच. त्यांना त्या कामाचे पैसे द्यावेत, फुकट राबवू नये. एकदाच विचारू नये, उपचाराआधीही विचारावं, म्हणजे तुलना होईल. सून-मुलगा बाजूला असताना विचारावं. आणि प्रश्न इथले असावेत. परळीच्या वैजनाथाच्या पायऱ्या न थांबता चढता का? विहिरीवरून कळशी आणता का? यंदा दिंडीला गेलात का, नाही गेलात तर पायांनी नाही म्हटलं की भीतीने? गोळ्या संपल्यावर नव्या आणल्या की पैसे नव्हते? यंदा कोयता गेला का, आणि गेला नसेल तर उचल कशी फिटणार?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हृदयरोगतज्ज्ञाजवळ नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण तो प्रश्न विचारला गेला आणि लिहून ठेवला गेला, तर निदान ज्याच्याजवळ उत्तर आहे त्याला मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

हेबर्डनने यंत्राशिवाय ऐकलं. नंतर दीडशे वर्षं आपण यंत्राने पाहिलं. गेली चाळीस वर्षं जग पुन्हा ऐकायला शिकतं आहे, आणि या वेळी यंत्र टाकून नव्हे, ते हातात ठेवून. बीडमध्ये हे ऐकणं अजून व्हायचं आहे. पुढच्या वेळी तुमच्या घरातलं, शेजारचं कोणी उपचार करून परत आलं आणि ‘बरं हाय’ म्हणालं, तर तिथे थांबू नका. ‘बरं म्हणजे काय काय जमतंय?’ एवढं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत बसा.

पुढच्या व्याख्यानात मराठवाड्यातल्या देवीच्या लसीकरणाचा इतिहास पाहू. आज इथेच थांबतो. नमस्कार.